मनोवैद्य आणि मनाची भाषा
(डॉ. विक्रम पटेल यांच्या कार्याचे परिशीलन)

मराठी टीकालेखनाचा शिरस्ता असा आहे की, काव्य, नाटक वा कादंबरी हाती आली म्हणजे टीकाकाराने लेखणी उचलावी, आणि वैद्यकासारखा विषय समोर आला की तो वैद्यांच्या हवाली करून स्वस्थ बसावे. हा शिरस्ता सामान्यतः शहाणपणाचाच आहे. कारण ज्या शास्त्रात आपली गती नाही त्याविषयी अधिकारवाणीने बोलणे हा वाचकांचा विश्वासघात होय. तथापि काही वैद्य असे असतात की, त्यांच्या कार्याचा अर्धा भाग औषधाच्या बाटलीत असला तर उरलेला अर्धा शब्दांत असतो. दुःखाला कोणते नाव द्यावे, ते कोणाच्या भाषेत द्यावे, आणि नाव दिल्याने दुःख हलके होते की नुसतेच बदलते, हे प्रश्न जितके वैद्यकाचे तितकेच वाङ्मयाचे आहेत. डॉ. विक्रम पटेल यांच्या कार्याचा परामर्श वाङ्मयीन मासिकात घेण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते याच कारणाने.

प्रथम त्यांच्या चरित्रातील ठळक गोष्टी सांगून टाकू. डॉ. पटेल यांचा जन्म १९६४ साली मुंबईत झाला, आणि वैद्यकाचे शिक्षणही तेथेच झाले. पुढे ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्ड येथे गेले, आणि मनोवैद्यकाचे विशेष अध्ययन त्यांनी लंडनमध्ये केले. येथवरचा वृत्तांत आपल्याकडील शेकडो हुशार विद्यार्थ्यांच्या वृत्तांतासारखाच आहे. वेगळेपणा सुरू होतो तो १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जेव्हा लंडन सोडून ते आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात हरारे येथे संशोधनास गेले. १९९६ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह गोव्यात 'संगाथ' ही संस्था स्थापन केली, आणि पुढील दोन दशकांतील त्यांचे बहुतेक महत्त्वाचे प्रयोग या संस्थेच्या आश्रयाने झाले. पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात प्राध्यापक झाले. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर केलेल्या पहिल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य धोरणाचा मसुदा ज्या गटाने तयार केला, त्याचेही ते सभासद होते. पदव्या, पारितोषिके व मानसन्मान यांची यादी येथे देत नाही. ती दिल्याने मनुष्य मोठा दिसतो, परंतु समजत नाही.

हरारेचा मुक्काम हा या चरित्राचा खरा आरंभ होय. डिप्रेशन नावाचा विकार हे पाश्चात्त्यांच्या सुखवस्तू समाजाचे अपत्य असून दरिद्री देशांतील माणसांचे दुःख हे दारिद्र्याचे व अन्यायाचेच दुसरे नाव आहे, अशा मताकडे त्या काळी अनेक तरुण विद्वानांचा ओढा होता, आणि डॉ. पटेलही अशीच काहीशी शंका घेऊन तेथे गेले होते. तेथील शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ अति विचार करणे. देशी वैदूंकडे व दवाखान्यांत येणारे रुग्ण आपल्या व्यथेचे कारण म्हणून हाच शब्द सांगत. डॉ. पटेल यांनी या लोकांच्याच बोलीतील खुणा गोळा करून १४ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, आणि तिच्या साहाय्याने पाहता असे दिसले की, 'अति विचारा'ने गांजलेली ही माणसे आणि लंडनच्या दवाखान्यात डिप्रेशनची म्हणून ओळखली जाणारी माणसे यांच्या दुःखाचा गाभा बराचसा एक आहे. झोप उडणे, थकवा, रडू येणे, कशातही गोडी न वाटणे, जगण्याचा वीट येणे या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. नाव वेगळे, कारणमीमांसा वेगळी, परंतु पीडा ओळखीची.

या अनुभवातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. एक असा की, पीडा जर तीच आहे तर पाश्चात्त्यांचे नावच सर्वत्र चालू करावे. दुसरा असा की, पीडा जर तीच आहे तर नावाचा आग्रह कशाला? रुग्णाच्या शब्दांपासूनच प्रारंभ करावा. डॉ. पटेल यांच्या पुढील कार्यात हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी नांदताना दिसतात. दुसरा जेथे प्रबळ होतो तेथे त्यांचे कार्य उंची गाठते. पहिला जेथे वरचढ होतो तेथे ते घोषणेच्या पातळीवर येते, असे आमचे नम्र मत आहे. पुढील विवेचन याच मताचे स्पष्टीकरण समजावे.

२००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट' हा ग्रंथ प्रथम घेऊ. याचे नाव डेव्हिड वर्नर यांच्या 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावावरून बेतलेले आहे. २०१८ साली शार्लट हॅनलन यांच्या सहकार्याने त्याची दुसरी आवृत्ती निघाली. खेड्यातील आरोग्यसेवक, परिचारिका, शिक्षक, समाजसेवक अशा माणसांसाठी हे पुस्तक लिहिलेले आहे. मनोवैद्यकाची पाठ्यपुस्तके रोगांच्या नावांनी प्रकरणे पाडतात. हे पुस्तक तसे करीत नाही. चिंता उत्पन्न करणारे वर्तन, वैद्यास ज्यांचा उलगडा होत नाही अशी शारीरिक गाऱ्हाणी, घातक सवयी, वियोग व हिंसा यांतून उद्भवणारी दुःखे, बाल्य व किशोरवय यांतील अडचणी, अशी त्याची मांडणी आहे. म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहून जे दिसते तेथून पुस्तक सुरू होते, आणि रोगाचे नाव मागाहून येते. अखेरचा भाग तर वाचणाराने आपापल्या प्रांतास अनुसरून पुस्तक जुळवून घ्यावे यासाठीच राखलेला आहे. आपला ग्रंथ दुसऱ्याने पुरा करावयाचा आहे, ही नम्रता ग्रंथकारांत दुर्मीळ असते.

लेखनशैलीच्या दृष्टीने या पुस्तकात अलंकार शोधणारास काहीच सापडणार नाही. वाक्ये आखूड आहेत, शब्द रोजचे आहेत, आणि उदाहरणे अशी आहेत की वाचणारास आपल्या आळीतील कोणी तरी आठवावे. परंतु सोपे लिहिणे म्हणजे उथळ लिहिणे नव्हे, हे ज्यास पटवून घ्यावयाचे असेल त्याने आत्महत्येच्या विचारांविषयीचा भाग अवश्य वाचावा. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, असे रुग्णास सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार त्याच्या मनात शिरत नाही, उलट बोलण्याची मोकळीक मिळून त्याचा भार हलका होतो, हे तत्त्व आज वैद्यकात मान्य आहे. आपल्याकडील सुशिक्षित घरांतही अशुभ शब्द उच्चारू नये या समजुतीने हा प्रश्न गिळून टाकला जातो. एका साध्या वाक्याने ही समजूत दूर करणे, हे आमच्या मते उत्तम गद्याचे लक्षण आहे.

येथे मराठी वाचकास एक स्वाभाविक प्रश्न पडेल. हेच पुस्तक आपल्या भाषेत उतरावयाचे तर 'डिप्रेशन' या शब्दाचे काय करावयाचे? वर्तमानपत्रे व पाठ्यपुस्तके 'नैराश्य' वा 'औदासीन्य' हे शब्द योजतात. आता गंमत अशी की, हे दोन्ही शब्द आपल्या परंपरेत गौरवाचे आहेत. भगवद्गीतेतील बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत 'उदासीन' हे एक लक्षण आहे, आणि त्याचा अर्थ पक्षपातरहित, अलिप्त. भागवताच्या अकराव्या स्कंधातील पिंगलेची कथा एकनाथांनी मराठीत आणली. धनिक प्रियकराची वाट पाहून थकलेल्या त्या वारांगनेस आशा सुटताच शांती लाभली, आणि ती सुखाने झोपली. म्हणजे तेथे निराशा हीच मुक्तीची वाट आहे. पिंगलेची आशा सुटली आणि तिला झोप लागली. आजच्या रुग्णाची आशा सुटते आणि त्याची झोप जाते. दोहोंस एकच शब्द लावल्याने घोटाळा केवळ भाषेचा होत नाही. ज्यास उपचार हवा त्यास वैराग्याचा उपदेश होतो, हा त्याचा व्यवहारातील परिणाम आहे.

परंतु यावरून मराठी ही या बाबतीत दरिद्री भाषा आहे असे कोणी समजू नये. तिच्यापाशी नामे नाहीत, पण क्रियापदे भरपूर आहेत. मन लागत नाही, जीव घाबरा होतो, अन्न गोड लागत नाही, काळजी पोखरते, जिवाला घोर लागतो, डोके सुन्न होते, कशात जीव रमत नाही, हे सर्व आपण रोज बोलतो. एका टोकास 'वेड' हा शब्द आहे, आणि त्याचा विस्तार तर लाडक्या मुलास 'वेडा' म्हणण्यापासून पांडुरंगाच्या वेडापर्यंत आहे. मात्र रोजची हुरहूर व प्रत्यक्ष वेड यांच्यामधला जो विस्तीर्ण मुलूख आहे, तेथे आपण क्रियापदांनी वावरतो. त्या मुलखास नाव नसल्यामुळे तेथील रहिवासी स्वतःस आजारी म्हणवून घेऊ शकत नाही. तो आळशी ठरतो, चिडखोर ठरतो, नाटकी ठरतो. डॉ. पटेल यांच्या पद्धतीचे मर्म हेच की, वैद्याने ही क्रियापदे ऐकावयास शिकले पाहिजे. नाम मागाहून ठरवता येईल.

ही क्रियापदे कधी कधी शरीराच्या मुखाने बोलतात. गोव्यातील स्त्रियांच्या आरोग्याविषयी डॉ. पटेल व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने मननीय आहे. 'अंगावरून पांढरे जाते' हे गाऱ्हाणे घेऊन असंख्य स्त्रिया दवाखान्यात येतात, आणि बहुधा जंतुविकाराचे औषध घेऊन परत जातात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, या गाऱ्हाण्याचा संबंध जंतुविकारापेक्षा मनाच्या व संसाराच्या क्लेशांशी अधिक आहे. ज्या घरात 'मला दुःख होते' असे म्हणण्याची सोय नाही, तेथे स्त्री 'माझी कंबर दुखते, मला पांढरे जाते' असे म्हणते. कारण शरीराच्या गाऱ्हाण्यास दवाखान्याची वाट मोकळी असते, मनाच्या गाऱ्हाण्यास नसते. ज्या गोष्टीसाठी कादंबरीकारास शेकडो पाने खर्ची घालावी लागतात, तिची प्रचीती येथे आकड्यांच्या कोष्टकातून येते.

याहून अस्वस्थ करणारा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. गोव्यातील २७० मातांची गरोदरपणात व बाळंतपणानंतर पाहणी केली असता, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांपैकी २३ टक्के स्त्रिया डिप्रेशनने ग्रस्त आढळल्या. धोका वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये दारिद्र्य होते, नवऱ्याशी बिघडलेले संबंध व मारहाण होती, आणि मुलगा हवा असता मुलगी होणे हेही होते. पाळण्याचा सोहळा, डिंकाचे लाडू व बाळंतविडा यांनी मढविलेल्या आपल्या मातृत्वाच्या चित्रामागे किती अंधार दडलेला असू शकतो, हे या आकड्यांनी दाखविले. परंतु याच ठिकाणी टीकाकाराने थांबून एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. मुलगी झाली म्हणून जिला घालून पाडून बोलले जाते, ती स्त्री रोगी की ते घर रोगी? औषध व समुपदेशन बाळंतिणीकडे पाठविले जाते. सासू-सासरे व नवरा यांच्याकडे कोणी जात नाही.

या प्रश्नाकडे आम्ही पुन्हा येऊ. तत्पूर्वी ज्या प्रयोगांनी डॉ. पटेल यांचे नाव जगभर झाले त्यांचा विचार केला पाहिजे. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांपासून वंचित राहणारांचे प्रमाण विकारपरत्वे ७० ते ९२ टक्के आढळले. मनोवैद्यांची संख्या वाढेपर्यंत वाट पाहावयाची म्हटले तर कित्येक पिढ्या तशाच जातील. तेव्हा मनोवैद्याचे काम त्याचे तुकडे करून साध्या शिकल्यासवरल्या माणसांस का शिकवू नये, हा डॉ. पटेल यांचा प्रश्न. 'मनशांती सुधार शोध' या शब्दांवरून 'मानस' असे नाव दिलेल्या प्रयोगात गोव्यातील २४ दवाखाने घेण्यात आले, १२ सरकारी व १२ खासगी. निम्म्या ठिकाणी गावातीलच, वैद्यकाची पदवी नसलेले, परंतु या कामाचे शिक्षण दिलेले समुपदेशक नेमले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत समुपदेशक होते तेथे सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नव्हते तेथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक पडला नाही. तेथे समुपदेशक असोत वा नसोत, सुमारे ६५ टक्के रुग्ण बरे झालेच.

हा दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच बोलका आहे, आणि डॉ. पटेल यांनी तो झाकून ठेवला नाही हे त्यांच्या शास्त्रीय सचोटीचे द्योतक आहे. त्याचा अर्थ आम्ही असा लावतो की, ज्या रुग्णास त्याचा नेहमीचा डॉक्टर नावाने ओळखतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो, त्यास समुपदेशकाची उणीव तितकीशी भासत नाही. ज्यास सरकारी रांगेत कोणीच विचारीत नाही, त्यास विचारपूस हेच औषध ठरते. हा अर्थ शास्त्रज्ञ मान्य करतील की नाही हे आम्हांस ठाऊक नाही, परंतु माणसाच्या स्वभावास तो धरून आहे.

पुढे गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर जो प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. तीव्र स्वरूपाच्या डिप्रेशनने पीडित रुग्णांस अशाच समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकी दिल्या. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के विकारमुक्त झाले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. या बैठकींत काय करीत? मन खचलेला मनुष्य हळूहळू एकेक व्यवहार सोडत जातो, आणि व्यवहार सुटले की मन अधिकच खचते. हे चक्र उलटे फिरविण्यासाठी त्याच्या आवडीची वा उपयोगाची एखादी लहानशी कृती त्याच्याशी बोलून ठरवावयाची, आणि पुढल्या खेपेस ती जमली की नाही हे विचारावयाचे. वाचक म्हणतील, यात नवीन ते काय? आमच्या घरची वडील माणसे हेच सांगत आली, 'ऊठ, हातपाय हलव, बरे वाटेल.' साम्य खरे, पण भेद त्याहून मोठा आहे. वडील माणूस आज्ञा करतो आणि निघून जातो. समुपदेशक विचारतो आणि परत येतो. घरात न उठणे हा अपराध ठरतो. येथे न उठणे हे आजाराचे लक्षण मानले जाते, म्हणून पुढल्या वेळी आणखी लहान कृती निवडली जाते. आपल्या घराघरांत 'मनाचे श्लोक' पाठ असतात, आणि मनास उपदेश करण्याची आपली परंपरा थोर आहे, यात शंका नाही. परंतु उपदेश पेलण्यासाठी मनास थोडे तरी बळ लागते. ते बळच जेथे उरलेले नाही, तेथे आधी ऐकणारा हवा. 'संगाथ' या नावाशी आपल्या 'संगत' व 'सांगाती' या शब्दांचे नाते उघड दिसते, आणि ते नाव या कामास शोभते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, ही गरिबांची बोळवण आहे. श्रीमंतास मनोवैद्य आणि गरिबास बारावी उत्तीर्ण समुपदेशक, ही समता कसली? हा आक्षेप ऐकण्यास न्याय्य वाटतो, पण परिणामांपुढे तो टिकत नाही. हे समुपदेशक एकमेकांच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांस गुण देतात व दोष दाखवितात. इतकी कसून तपासणी किती नामांकित डॉक्टर स्वतःच्या कामाची करून घेतात? मात्र या कामाचा मोबदला काय, आणि प्रयोगाचा निधी संपल्यावर या माणसांचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. स्वस्तपणा हा या योजनेचा गुण म्हणून वारंवार सांगितला जातो. ज्यांच्या वेतनावर तो स्वस्तपणा उभा आहे, त्यांच्यासाठी तो गुण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इंग्लंडमधील मनोवैद्य डेरेक समरफील्ड, तसेच २०१४ साली याच विषयावर ग्रंथ लिहिणाऱ्या चायना मिल्स यांनी असे म्हटले आहे की, पाश्चात्त्यांचे रोगवर्गीकरण सर्व जगावर लादण्याचा हा उद्योग असून त्यात सामाजिक अन्यायास वैयक्तिक विकाराचे रूप दिले जाते. पुण्यात 'बापू ट्रस्ट' स्थापन करणाऱ्या व २०२४ साली दिवंगत झालेल्या डॉ. भार्गवी दावर यांनी हीच टीका आणखी जवळून केली. कारण मनोरुग्ण म्हणून ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्या बाजूने त्या बोलत होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, उपचारांची उणीव मोजण्यापूर्वी ते उपचार कसे आहेत हे मोजा. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, ही गोष्ट ज्यास आठवते त्यास हे म्हणणे अतिरेकी वाटणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु साखळी केवळ लोखंडाचीच असते असे नाही.

या आक्षेपाची खरी कसोटी विदर्भात लागते. अमरावती जिल्ह्यातील सुमारे ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालविण्यात आला, आणि त्याच्या अहवालाच्या लेखकांत डॉ. पटेलही होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गाजलेल्या या भागात डिप्रेशनग्रस्तांपैकी ४.३ टक्के लोकच उपचार घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. आता टीकाकार विचारतील, ज्याचे कापूस-सोयाबीन बुडाले आणि ज्याच्या दारात सावकार बसला आहे, त्यास समुपदेशक कशासाठी? त्यास कर्जमाफी हवी, पाणी हवे, भाव हवा. हे सर्व त्यास हवे, यात दुमत नाही. परंतु कर्ज सारखेच असता एका घरचा मनुष्य जीव देतो व शेजारचा देत नाही, ही गोष्टही तितकीच खरी आहे. आणि भाव मिळेपर्यंत त्याने जगावे अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनी त्याच्या आजच्या रात्रीचाही विचार केला पाहिजे. पूर आला असता धरण कोणी चुकीचे बांधले याची चौकशी अवश्य व्हावी. पण म्हणून वाहत जाणाऱ्यास दोर टाकणारावर रागावणे हा न्याय नव्हे.

याउलट दोर टाकणारानेही धरणाविषयी मौन पाळू नये. आमचा डॉ. पटेल यांच्याविषयीचा मुख्य आक्षेप येथे आहे. त्यांच्या संशोधनातील लेखांत दारिद्र्य, मारहाण, मुलीच्या जन्माचे दुःख ही कारणे स्पष्ट लिहिलेली असतात. पण तेच विचार लोकप्रिय व्याख्यानातून मांडले जातात तेव्हा कारणांचा आवाज मंद होतो आणि उपायाचा चढतो. २०१२ मधील त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानात त्यांनी आपल्या साऱ्या पद्धतीचे सार 'सुंदर' या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांत बसवून दाखविले: संदेश सोपा करा, उपचार सुटा करा, लोक आहेत तेथे न्या, परवडणारी माणसे नेमा, आणि तज्ज्ञांस शिकविण्याच्या कामी लावा. युक्ती चटकदार आहे, आणि प्रचारकास अशा युक्तीचा मोह पडणे क्षम्य आहे. तथापि या पाच सूत्रांत त्या बाळंतिणीच्या घरासाठी एकही अक्षर नाही. सोपे करणे आणि सोडून देणे यांमधील रेषा बारीक असते. २००३ च्या पुस्तकात त्यांनी ती सांभाळली, व्यासपीठावर ती पुसट झाली.

न्यायासाठी हेही नमूद करणे अवश्य आहे की, डॉ. पटेल एका जागी थांबून राहिलेले नाहीत. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या ज्या आयोगाचे ते एक प्रमुख होते, त्याच्या अहवालात रोगी व निरोगी अशी एकच रेष ओढण्याची पद्धत अपुरी असल्याचे सांगून, मनःस्वास्थ्य हा चढउतारांचा सलग पट आहे असे प्रतिपादन केले आहे, आणि सामाजिक कारणांस अधिक जागा दिली आहे. म्हणजे ज्या मधल्या मुलखास आपली भाषा क्रियापदांनी ओळखते, त्याकडे शास्त्रही आता वळत आहे. टीकेस उत्तर म्हणून आपल्या मताची फेरमांडणी करणारा शास्त्रज्ञ हा नुसत्या प्रचारकाहून वरच्या दर्जाचा होय.

अखेर एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास उद्देशून. जागृतीची भाषा ऐकली की सुशिक्षितांस वाटते, ती खेड्यापाड्यांतील अडाण्यांसाठी आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गोव्यातील मच्छीमाराच्या बायकोस आरोग्य केंद्रात कोणी तरी विचारले, 'झोप लागते का? कशात मन रमते का?' आपल्या शहरांतील प्रतिष्ठित घरांत हा प्रश्न कोण विचारतो? तेथे पैसा आहे, डॉक्टर आहेत, पुस्तकांचे कपाट आहे. पण मुलीचे लग्न ठरावयाचे आहे म्हणून तिच्या आजाराचे नाव घेतले जात नाही, आणि मुलाची परीक्षा आहे म्हणून त्याच्या रात्री कशा जातात याची चौकशी पुढे ढकलली जाते. डॉ. पटेल यांचे पुस्तक जेथे मनोवैद्य नाही अशा स्थळांसाठी लिहिले आहे. ज्या घरात मनाविषयी बोलण्याची चोरी आहे, ते घर मुंबईच्या मध्यभागी असले तरी अशाच स्थळांत गणले पाहिजे.

या ग्रंथाचे व त्यामागील पद्धतीचे मराठी रूप सिद्ध होत असताना आम्ही त्या कामास हात लावणारांस एवढीच सूचना करू की, त्यांनी कोशातून जड नामे उचलून आणू नयेत. आपल्या आया-बहिणींच्या बोलण्यातील क्रियापदे गोळा करावीत, आणि प्रत्येक प्रकरणात रुग्णाच्या शेजारी त्याच्या घरासही बसवावे. डॉ. पटेल यांच्या कार्याचे जे उत्तम आहे ते तेवढ्याने आपले होईल, आणि त्यात जे राहून गेले आहे ते भरून निघण्यास प्रारंभ होईल.